समाजविघातक वर्तनाची जैविक आणि परिस्थितीजन्य मुळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजविघातक वर्तन नेमके कशाला म्हणायचे?

दुसऱ्यांच्या हक्कांची किंवा समाजाच्या मूलभूत नियमांची वारंवार पायमल्ली करणाऱ्या वर्तनाला. मारामाऱ्या, दमदाटी, चोरी, जाणूनबुजून केलेली नासधूस, जाळपोळ, प्राण्यांचा छळ, सराईत खोटेपणा हे सगळे त्यात येते. लोकांत न मिसळणारा, आपल्यातच रमणारा माणूस या व्याख्येत बसत नाही. त्याचा कोणाला उपद्रव नसतो. मुलांमध्ये असे वर्तन दीर्घकाळ आणि ठरावीक पद्धतीने दिसत राहिले, तर मानसोपचारतज्ज्ञ वर्तन विकाराचे, म्हणजे कंडक्ट डिसऑर्डरचे निदान करतात. समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार हे निदान प्रौढांसाठी आहे. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निकषांनुसार ते वयाची १८ वर्षे पूर्ण होण्याआधी करता येत नाही, आणि वयाच्या १५ वर्षांआधी वर्तन विकाराची लक्षणे दिसली होती याचा पुरावाही लागतो.

गुन्हा आणि समाजविघातक वर्तन या दोन गोष्टी पूर्णपणे जुळत नाहीत, हे सुरुवातीलाच लक्षात घ्यावे. रागाच्या भरात आयुष्यात एकदाच गुन्हा करून बसलेला माणूस असतो, आणि वर्षानुवर्षे इतरांना लुबाडूनही कायद्याच्या कचाट्यात कधीच न सापडलेला माणूसही असतो. पुढे उल्लेख केलेले बरेच अभ्यास अटक किंवा शिक्षा झाल्याच्या नोंदींवर आधारलेले आहेत, त्यामुळे त्यांत ही मर्यादा गृहीत धरावी लागते.

लहान मुले मारतात, चावतात, ओरबाडतात. मग काळजी केव्हा करायची?

कॅनडातील संशोधक रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला, तेव्हा शारीरिक आक्रमकतेचा कळस पौगंडावस्थेत नव्हे, तर साधारण दुसऱ्या ते चौथ्या वर्षाच्या दरम्यान असतो असे दिसले. मूल मारायला शिकत नाही. न मारायला शिकते. बोलता येऊ लागणे, थोडा वेळ वाट पाहता येणे, मोठ्यांनी वेळीच आवरणे यांमुळे बहुतेकांची आक्रमकता शाळेत जाईपर्यंत ओसरते. थोड्या मुलांची ओसरत नाही, आणि लक्ष द्यायचे ते त्यांच्याकडे.

येथे ली रॉबिन्स यांचा १९६६ मधला निष्कर्ष आजही कामाला येतो. सेंट लुईसच्या बाल मार्गदर्शन केंद्रात आलेल्या मुलांचा त्यांनी सुमारे तीस वर्षांनी शोध घेतला. प्रौढपणी समाजविघातक ठरलेली जवळजवळ सगळी माणसे लहानपणीही तशीच होती. मात्र लहानपणी तशी असलेली बहुसंख्य मुले प्रौढपणी तशी राहिली नाहीत. मागे वळून पाहिले की वाट सरळ दिसते, पुढे पाहताना तिला अनेक फाटे फुटलेले असतात. या विषयावरच्या निम्म्या गैरसमजुती या दोन दिशांची गल्लत केल्यामुळे होतात.

पौगंडावस्थेत वाया गेलेला मुलगा पुढे सुधारतो का?

बहुतेक वेळा सुधारतो. टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलेली विभागणी येथे उपयोगी पडते. एका गटातली मुले साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षापर्यंत ठीक असतात, मग काही वर्षे भरकटतात आणि नोकरी, जोडीदार, जबाबदारी आली की मार्गावर येतात. शरीराने मोठे झालो तरी मोठ्यांचे अधिकार हाती नाहीत, या अडकलेल्या अवस्थेतून हे वर्तन येते, अशी मॉफिट यांची मांडणी आहे. दुसरा, खूपच लहान गट बालवाडीपासूनच वेगळा असतो. त्यातल्या मुलांचे लक्ष टिकत नाही, भाषा मागे असते, स्वभाव तापट असतो, आणि बहुधा घरही अशा मुलाला पेलण्याच्या स्थितीत नसते. या गटाचे वर्तन आयुष्यभर टिकण्याचा धोका असतो.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा मागोवा आजही सुरू आहे, आणि या विभागणीचा मोठा आधार तोच आहे. त्यातल्या ६७२ जणांच्या मेंदूची वयाच्या ४५ व्या वर्षी केलेली चित्रणे २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष्यभर समाजविघातक राहिलेल्यांच्या मेंदूच्या बाह्यकाची, म्हणजे सर्वांत बाहेरच्या थराची, जाडी आणि क्षेत्रफळ सरासरीने कमी आढळले; फक्त पौगंडावस्थेत भरकटलेल्यांमध्ये असा फरक दिसला नाही. दुसरीकडे, फिलाडेल्फियामध्ये १९४५ साली जन्मलेल्या ९,९४५ मुलग्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा अवघ्या ६ टक्के मुलांच्या नावावर सर्व गुन्ह्यांपैकी निम्म्याहून अधिक गुन्हे निघाले. पौगंडावस्थेतला बंडखोर आणि हा लहान गट यांना एकाच मापाने मोजले, तर एकावर विनाकारण शिक्का बसतो आणि दुसऱ्याकडे वेळेत लक्ष जात नाही.

मग हे ‘रक्तातच’ असते का?

आनुवंशिकतेचा वाटा आहे, आणि तो नाकारण्याजोगा राहिलेला नाही. पण तो कसा सिद्ध होतो हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. बाप गुन्हेगार आणि मुलगाही गुन्हेगार, एवढ्यावरून काहीच ठरत नाही, कारण मुलाला जनुकेही त्याच घरातून मिळतात आणि वळणही. दोन्ही वेगळे करायचे तर जुळ्यांकडे किंवा दत्तक गेलेल्या मुलांकडे जावे लागते.

डेन्मार्कमध्ये १९२४ ते १९४७ या काळात दत्तक दिलेल्या १४,४२७ व्यक्तींच्या नोंदींवर सार्नोफ मेडनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले मुलग्यांचे आकडे असे आहेत. जन्मदाते आणि दत्तक घेणारे अशा दोन्ही आईवडिलांना कधी शिक्षा झाली नव्हती, तेथे १३.५ टक्के मुलग्यांना पुढे शिक्षा झाली. फक्त दत्तक घेणाऱ्यांना शिक्षा झाली होती तेथे १४.७ टक्के, फक्त जन्मदात्यांना झाली होती तेथे २० टक्के, आणि दोघांनाही झाली होती तेथे २४.५ टक्के. हा संबंध चोरीसारख्या मालमत्तेच्या गुन्ह्यांपुरता होता. हिंसक गुन्ह्यांबाबत तो आढळला नाही.

हे आकडे वाचून जनुकांचा विजय झाला असे म्हणणारे एक गोष्ट विसरतात. दत्तक देणाऱ्या संस्था घरे पारखून घेत असत, त्यामुळे खरोखर उद्ध्वस्त म्हणावीत अशी घरे या नमुन्यात फारशी नव्हतीच. परिस्थितीतला फरकच जेथे आधी गाळून टाकला आहे, तेथे परिस्थितीचा प्रभाव कमी दिसणार हे उघड आहे. दुसरी गोष्ट अशी की, जन्मदात्यांना शिक्षा झालेली असूनही ज्यांच्या नावावर कधी गुन्हा लागला नाही असे मुलगे या अभ्यासात जवळपास ८० टक्के आहेत.

‘समाजविघातक वर्तन ४१ टक्के आनुवंशिक असते’ असे वाचले. याचा अर्थ काय?

हा आकडा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणातला आहे. सू ह्युन री आणि आयर्विन वाल्डमन यांनी जुळ्यांचे आणि दत्तक मुलांचे ५१ अभ्यास एकत्र केले. त्यांच्या हिशोबाने लोकसंख्येत दिसणाऱ्या फरकांपैकी सुमारे ४१ टक्के जनुकांशी, १६ टक्के भावंडांना सारख्याच मिळणाऱ्या परिस्थितीशी आणि ४३ टक्के प्रत्येकाच्या स्वतंत्र अनुभवांशी निगडित होते.

यातला ‘फरकांपैकी’ हा शब्द बातम्यांतून नेमका गळतो. हा आकडा माणसामाणसांतल्या फरकांबद्दल आहे, एका माणसाच्या वर्तनाबद्दल नाही. एखादे रोप किती टक्के बियाण्यामुळे आणि किती टक्के पाण्यामुळे उगवले, हा प्रश्न जसा निरर्थक आहे, तसेच एका मुलाच्या मारकुटेपणाचे टक्केवारीत वाटे करणे निरर्थक आहे. शिवाय हा आकडा स्थिरही नाही. इंग्लंड आणि वेल्समधील सात वर्षांच्या जुळ्यांवर एसी व्हायडिंग यांनी केलेल्या अभ्यासात (२००५) ज्या मुलांत अपराधभाव आणि इतरांच्या दुःखाची जाणीव कमी होती, त्यांच्या समाजविघातक वर्तनात आनुवंशिकतेचा वाटा ८१ टक्के निघाला. ज्यांच्यात ही भावशून्यता नव्हती, त्यांच्यात तो ३० टक्केच होता. बाहेरून सारखे दिसणारे वर्तन आतून दोन वेगळ्या वाटांनी आलेले असू शकते. म्हणूनच ‘किती टक्के’ यापेक्षा ‘कोणत्या वाटेने’ हा प्रश्न विचारणे मला अधिक फलदायी वाटते, आणि पुढची उत्तरे त्याच दृष्टीने लिहिली आहेत.

गुन्हेगारीचे जनुक सापडले आहे का?

नाही, आणि तसे एकच जनुक सापडण्याची शक्यताही नाही. हा शोध जुना आहे. इटलीच्या चेझारे लोंब्रोसो यांनी १८७६ मध्ये जन्मजात गुन्हेगार कवटीच्या आणि चेहऱ्याच्या ठेवणीवरून ओळखता येतो असा दावा केला होता; तो टिकला नाही. १९६० च्या दशकात एक जादा वाय गुणसूत्र असलेले पुरुष हिंसक असतात असा बोलबाला झाला. डेन्मार्कमध्ये ४,१३९ उंच पुरुषांची गुणसूत्रे तपासली तेव्हा असे १२ जण सापडले. त्यांच्यात शिक्षा झालेल्यांचे प्रमाण अधिक होते, पण ते गुन्हे विशेष हिंसक नव्हते, आणि बुद्धिमत्ता चाचणीतल्या कमी गुणांशी त्यांचा संबंध अधिक दिसला. १९७६ च्या या निष्कर्षानंतर तो बोलबाला ओसरला.

एमएओए या जनुकाची कहाणी मात्र गुंतागुंतीची आहे. हे जनुक मेंदूतील सेरोटोनिन, डोपामिन यांसारख्या रसायनांचे विघटन करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करते. हान ब्रुनर यांनी १९९३ मध्ये एका डच कुटुंबाचे वर्णन केले. त्यातील काही पुरुषांत हे जनुक पूर्ण निकामी होते आणि त्यांच्यात सौम्य बौद्धिक कमतरता व आवेगी हिंसा दिसत होती. असे जनुक अत्यंत दुर्मीळ आहे. सर्वसामान्यांत आढळतो तो फरक विकर कमी किंवा जास्त तयार होण्याचा. ड्युनेडिनमधील ४४२ पुरुषांवर आधारित २००२ च्या अभ्यासात अव्‌शलोम कॅस्पी, मॉफिट आणि सहकाऱ्यांना असे दिसले की, कमी विकर तयार करणारे जनुक एकट्याने फारसे काही करत नाही. पण त्याच्या जोडीला लहानपणी छळ झाला असेल, तर समाजविघातक वर्तनाचा धोका वाढतो. हे दोन्ही वाट्याला आलेले पुरुष १२ टक्केच होते, पण हिंसक गुन्ह्यांसाठीच्या शिक्षांपैकी ४४ टक्के त्यांच्या नावावर होत्या.

वृत्तपत्रांनी याला ‘योद्धा जनुक’ असे भडक नाव देऊन निष्कर्षाचा अर्धा भागच वाचकांपर्यंत पोहोचवला. पुढच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण पुरुषांबाबत साधारण याच दिशेने जाते, पण एकेका जनुकावर बेतलेल्या संशोधनाकडे आज तज्ज्ञ सावधपणे पाहतात. संपूर्ण जनुकसंच तपासणाऱ्या अभ्यासांतून दिसते ते असे की, हजारो जनुकीय फरकांचा प्रत्येकी कणभर परिणाम होतो, आणि तोही थेट गुन्ह्यावर नव्हे, तर आत्मनियंत्रण, शिक्षणातली गती, धोक्याची ओढ यांसारख्या गोष्टींवर.

मेंदूत काय वेगळे असते?

फिनिआस गेजचे उदाहरण बहुतेकांना माहीत असते. अमेरिकेतील व्हरमाँट येथे १३ सप्टेंबर १८४८ रोजी रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडली. तो वाचला, पण उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी त्याचे वर्णन चंचल, उर्मट आणि बेभरवशाचा असे केले. त्याच्या कहाणीचा पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो: नंतर त्याने चिलीमध्ये काही वर्षे घोडागाडी हाकण्याचे काम केले, आणि जोखमीचे व नियमित काम इतका काळ निभावणारा माणूस पूर्णपणे बिघडलेला नसावा. हे उदाहरण मेंदूच्या अग्रभागाचा वर्तनाशी संबंध असल्याचे दाखवते. त्याहून जास्त ओझे त्याच्यावर लादू नये.

अधिक बोलके आहेत ते अगदी लहान वयात झालेल्या इजांचे दाखले. १९९९ मध्ये आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी १६ महिन्यांचे होण्याआधी अग्रभागाला इजा झालेल्या दोन व्यक्तींचे वर्णन केले. दोघांची घरे चांगली होती, बुद्धिमत्ता सामान्य होती, तरी दोघेही चोरी, खोटेपणा आणि मारामारी यांपासून परावृत्त झाले नाहीत. प्रौढपणी अशी इजा झालेल्यांना निदान काय योग्य हे सांगता येते. या दोघांना तेही नीट शिकता आले नव्हते.

इजा न झालेल्या, पण दीर्घकाळ समाजविघातक वर्तन करणाऱ्या गटांमध्ये अग्रभागाचा आकार किंवा कार्य सरासरीने कमी असल्याचे अनेक अभ्यासांत आढळते. भावशून्य मुलांमध्ये अमिग्डाला हा भीतीसारख्या भावनांशी निगडित मेंदूचा भाग इतरांच्या चेहऱ्यावरची भीती पाहून कमी प्रतिसाद देतो. उलट, तापट आणि चटकन चिडणाऱ्या मुलांमध्ये तोच भाग धमकीला जरुरीपेक्षा जास्त प्रतिसाद देताना दिसतो. पहिल्या मुलाला समोरच्याची भीती जाणवत नाही, दुसऱ्याला नसलेला धोका दिसतो, आणि तक्रारवहीत दोघांच्या नावापुढे ‘मारामारी’ एवढेच लिहिलेले असते.

हृदयाचे ठोके संथ असण्याचा याच्याशी संबंध आहे, हे खरे का?

खरे आहे, आणि जैविक निर्देशकांपैकी हा निष्कर्ष बऱ्यापैकी सातत्याने मिळतो. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या सात लाखांहून अधिक तरुणांच्या नोंदींत, विश्रांतीच्या वेळी ज्यांचे ठोके सर्वांत संथ होते त्या पाचव्या हिश्श्याला पुढे हिंसक गुन्ह्यात शिक्षा होण्याचा धोका सर्वांत जलद ठोके असलेल्यांपेक्षा ३९ टक्के अधिक निघाला. शरीर सहजासहजी उत्तेजित होत नाही म्हणून भीती कमी वाटते, किंवा थरार शोधावा लागतो, असे दोन खुलासे दिले जातात. पण धावपटूंचे ठोकेही संथ असतात, आणि बॉम्ब निकामी करण्याच्या कामात शौर्यपदक मिळवणाऱ्यांचे हृदयही ताणाखाली शांत राहते असे आढळले आहे. निर्भयता कोणत्या कामी लागते, हे ठोक्यांवरून कळत नाही.

गर्भावस्थेत काही घडल्याचा परिणाम होतो का?

होतो, पण येथे कारण आणि केवळ योगायोगाने सोबत असणारी गोष्ट यांत फरक करावा लागतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे नेदरलँड्सच्या पश्चिम भागात भीषण अन्नटंचाई झाली. एक लाखाहून अधिक डच तरुणांच्या सैन्यभरतीच्या वैद्यकीय नोंदी तपासल्या असता, गर्भाच्या पहिल्या सहा महिन्यांत तीव्र उपासमार सोसलेल्यांमध्ये समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराची शक्यता सुमारे अडीच पट आढळली. ही उपासमार आईच्या स्वभावामुळे किंवा घरच्या वळणामुळे आलेली नव्हती, ती युद्धाने लादली होती. म्हणून हा पुरावा वजनदार आहे. गरोदरपणातील मद्यपानाने गर्भाच्या मेंदूला होणारी हानीही निर्विवाद आहे.

धूम्रपानाचे तसे नाही. गरोदरपणी धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची मुले अधिक समाजविघातक असतात हे वारंवार दिसले, आणि दोष निकोटिनला दिला गेला. मग २००९ मध्ये कृत्रिम गर्भधारणेतून जन्मलेल्या मुलांचा अभ्यास झाला. त्यांपैकी काही मुले जनुकीय नाते नसलेल्या स्त्रीच्या गर्भाशयात वाढली होती. धूम्रपानाने जन्मवजन घटते हे दोन्ही गटांत दिसले, पण समाजविघातक वर्तनाशी संबंध आई आणि मूल जनुकीय नात्याचे असतील तेथेच प्रामुख्याने दिसला. म्हणजे आवेगशील आई धूम्रपानही करते आणि आवेगशीलतेची जनुकेही देते. धूम्रपान इतर अनेक कारणांनी टाळलेच पाहिजे. फक्त या एका आरोपातून ते बऱ्याच अंशी सुटते.

शिशाचे काय?

शिसे हे विकसनशील मेंदूसाठी विष आहे, आणि त्याची सुरक्षित पातळी आढळलेली नाही. हर्बर्ट नीडलमन यांनी १९९६ मध्ये पिट्सबर्गमधील मुलांच्या हाडांतले शिसे मोजून ते जास्त असणाऱ्यांत आक्रमकता आणि अपराधी वर्तन जास्त असल्याचे दाखवले. सिनसिनाटीतील मुलांचा गर्भावस्थेपासून मागोवा घेतलेल्या अभ्यासात रक्तातील शिशाचा पुढील अटकांशी संबंध आढळला. मात्र अनेक शहरांत शिसे गरीब वस्त्यांतच अधिक असते, त्यामुळे गरिबी आणि शिसे यांचे परिणाम वेगळे करणे कठीण जाते. ड्युनेडिनमध्ये शिसे सर्व आर्थिक थरांत सारखेच पसरलेले होते, आणि तेथे गुन्ह्यांशी त्याचा संबंध बराच क्षीण निघाला. बुद्धिमत्तेवरचा दुष्परिणाम मात्र स्पष्ट होता. शिसेयुक्त पेट्रोलची विक्री जगात सर्वांत शेवटी अल्जीरियात २०२१ मध्ये थांबली. जुने रंग आणि नळ यांतले शिसे अजून शिल्लक आहे.

लहानपणी मार खाल्लेली मुले पुढे हिंसक होतात का?

धोका वाढतो, पण नियम म्हणावा इतका नाही. कॅथी स्पॅट्झ विडम यांनी १९८९ मध्ये न्यायालयात छळ किंवा हेळसांड सिद्ध झालेल्या ९०८ मुलांची ६६७ इतर मुलांशी तुलना केली. अल्पवयात अटक झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात २६ टक्के, दुसऱ्यात १७ टक्के होते. फरक खरा आहे, तरीही छळ झालेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांना अटक झालेली नव्हती. छळातून वाचलेल्या माणसाकडे संशयाने पाहणाऱ्यांनी हा दुसरा आकडा आधी वाचावा.

मूलच अवखळ असते म्हणून त्याला मार बसतो, असा युक्तिवाद केला जातो. ब्रिटनमधील जुळ्यांच्या अभ्यासात सारा जॅफी यांनी तो २००४ मध्ये तपासला. चापटीसारख्या शिक्षेबाबत तो बऱ्याच अंशी खरा निघाला: मुलाच्या आनुवंशिक स्वभावामुळे शिक्षा ओढवली जात होती. इजा होईल अशा मारहाणीबाबत मात्र तो खोटा ठरला. ती मारहाण मुलाच्या स्वभावाने ओढवत नाही. ती मोठ्यांकडून येते, आणि तिचा परिणाम जनुकांपलीकडचा असतो.

मारहाण नसलेल्या, साध्या घरातही असे वर्तन कसे तयार होते?

ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांच्या घरी जाऊन तेथले व्यवहार मिनिटामिनिटाने नोंदवले. त्यांना दिसलेला प्रकार साधारण असा असतो. आई म्हणते, “मोबाइल ठेव आणि अभ्यासाला बस.” मूल ऐकत नाही. ती पुन्हा सांगते, आवाज चढतो. मूल ओरडते, वही भिरकावते. थकलेली आई म्हणते, “जा, कर तुला काय करायचं ते,” आणि आत निघून जाते. मुलाचे ओरडणे लगेच थांबते.

या अर्ध्या मिनिटात दोघांनाही बक्षीस मिळालेले असते. ओरडले की सुटका होते हे मूल शिकते; माघार घेतली की शांतता मिळते हे आई शिकते. पुढच्या वेळी मूल थोडे आधी आणि थोडे मोठ्याने ओरडते. कधी आई माघार न घेता फटका देते आणि मूल गप्प होते, तेव्हा बळ वापरले की काम होते हा धडा दोघांना मिळतो. हे दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षे घडत राहते, आणि तेच हत्यार मूल शाळेत घेऊन जाते. तेथे सरळ मुले त्याला टाळतात, आणि टाळलेली मुले एकमेकांना शोधतात. जन्मतः चिडखोर मूल आणि मनाने थकलेले पालक एकत्र आले की हे चक्र लवकर धरते, म्हणून पालकांना किंवा मुलाला एकट्याला दोषी ठरवणे मला चुकीचे वाटते.

गरिबी हे कारण आहे, की नुसती सोबत?

निदान काही अंशी कारण आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात जेन कॉस्टेलो यांचा गट १,४२० मुलांचा अभ्यास करत असताना १९९६ मध्ये तेथील चेरोकी जमातीने कॅसिनो सुरू केला आणि त्याच्या नफ्याचा वाटा जमातीतल्या प्रत्येकाला मिळू लागला. गरिबी कमी करण्याचा प्रयोग जणू आपोआप घडून आला. त्यामुळे गरिबीतून बाहेर आलेल्या घरांतल्या मुलांची वर्तनविषयक लक्षणे, कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीपर्यंत खाली आली. चिंता आणि नैराश्य मात्र तसेच राहिले. पालकांना मुलांकडे लक्ष द्यायला अधिक सवड मिळाली, हा त्यातला महत्त्वाचा दुवा असल्याचे विश्लेषणात दिसले.

वाईट संगतीचा दोष किती?

संगत निवडलीही जाते आणि ती बिघडवतेही. समाजविघातक मुलांना एकत्र बसवून केलेल्या गटउपचारांत नियम मोडण्याच्या गप्पांना इतर मुले हसून दाद देतात आणि वर्तन आणखी बिघडू शकते, असे थॉमस डिशियन यांनी १९९९ मध्ये दाखवले.

मुलींमध्ये हे कमी का असते?

आयुष्यभर टिकणाऱ्या प्रकारात ड्युनेडिनमध्ये दहा मुलग्यांमागे एक मुलगी होती; पौगंडावस्थेपुरत्या प्रकारात मात्र हे प्रमाण दीडास एक इतके जवळ आले. लक्ष न टिकणे आणि भाषेचा उशिरा विकास अशा सुरुवातीच्या अडचणी मुलग्यांत अधिक असतात, हा एक खुलासा आहे. टेस्टोस्टेरॉनवर सगळा भार टाकता येत नाही, कारण या संप्रेरकाचा माणसांतल्या आक्रमकतेशी आढळणारा संबंध क्षीण आहे.

जनुकचाचणीने किंवा मेंदूच्या स्कॅनने भावी गुन्हेगार ओळखता येईल का?

नाही. वर दिलेले सगळे फरक गटांच्या सरासरीतले आहेत, आणि दोन्ही गटांतल्या बहुसंख्य व्यक्ती एकमेकांत मिसळून जातात. असे करून देण्याचा दावा कोणी पैसे घेऊन करत असेल, तर त्यापासून दूर राहावे.

मेंदू किंवा जनुके कारणीभूत असतील, तर माणूस दोषी कसा?

प्रत्येक वर्तनाला मेंदूतले काही ना काही कारण असतेच, त्यामुळे नुसते कारण दाखवल्याने जबाबदारी संपत नाही. आपण काय करत आहोत हे त्या व्यक्तीला समजत होते का आणि स्वतःला आवरण्याची क्षमता तिच्यात कितपत होती, हे न्यायालय पाहते. वयाच्या बाबतीत हा विचार काही ठिकाणी कायद्यात उतरला आहे; अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८ वर्षांखालील व्यक्तीने केलेल्या गुन्ह्यासाठी मृत्युदंड २००५ मध्ये घटनाबाह्य ठरवला. जैविक पुरावा दुधारी असतो, हेही लक्षात घ्यावे. अमेरिकेतील १८१ न्यायाधीशांना एक काल्पनिक खटला दिला गेला. आरोपीच्या मनोविकृतीमागे (सायकोपॅथीमागे) जैविक कारण आहे हे काहींना सांगितले, काहींना नाही. सांगितलेल्यांनी दिलेली शिक्षा सरासरी १३.९३ वर्षांवरून १२.८३ वर्षांवर आली. पण हा माणूस पुढेही धोकादायक राहील, असा अर्थही त्याच पुराव्यातून काही न्यायाधीशांनी काढला.

यावर उपाय चालतात का?

चालतात, आणि जितके लवकर तितके बरे. मॉरिशसमध्ये १९७२ मध्ये तीन वर्षांच्या १,७९५ मुलांचा एक अभ्यास सुरू झाला. त्यांतल्या एका लहान गटाला दोन वर्षे चांगला आहार, व्यायाम आणि उत्तम बालशिक्षण दिले गेले. तेविसाव्या वर्षी त्यांच्यातली गुन्हेगारी तुलनेच्या गटापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होती. न्यूयॉर्क राज्यातील एल्मिरा येथे डेव्हिड ओल्ड्स यांनी गरोदर स्त्रियांच्या घरी परिचारिका पाठवल्या, आणि त्या मुलांच्या अटका पंधरा वर्षांनंतरही कमी आढळल्या. पॅटरसन यांच्या निरीक्षणांवर बेतलेले पालक प्रशिक्षण लहान मुलांसाठी प्रभावी ठरले आहे: सूचना कमी आणि स्पष्ट द्यायच्या, चांगल्या वागण्याची लगेच दखल घ्यायची, परिणाम सौम्य पण न चुकता घडवायचे. भावशून्य मुलांवर शिक्षेचा परिणाम कमी होतो. त्यांच्या बाबतीत कौतुक, बक्षीस आणि पालकांची ऊब यांवर भर देणे अधिक उपयोगी पडते.

सद्‌हेतू पुरेसा नसतो, हेही नोंदवले पाहिजे. मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ मध्ये सुरू झालेल्या एका प्रकल्पात धोक्यातल्या मुलांना अनेक वर्षे समुपदेशन, शिकवणी आणि उन्हाळी शिबिरे मिळाली. जोन मॅकॉर्ड यांनी १९७८ मध्ये पाहिले तेव्हा मदत मिळालेल्या पुरुषांची स्थिती काही बाबतींत मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट होती. मुलांना तुरुंग दाखवून घाबरवण्याचे कार्यक्रम तर पुढील गुन्हे वाढवतात असे नियंत्रित चाचण्यांच्या आढाव्यात स्पष्ट झाले आहे, तरी ते लोकप्रिय आहेत.

तज्ज्ञाकडे केव्हा जावे, आणि तेथे काय होते?

सहा महिने ते वर्षभर वर्तन तसेच राहिले, घरी आणि शाळेत दोन्हीकडे तक्रार असली, प्राण्यांचा छळ, आग लावणे किंवा शस्त्र वापरणे घडले, किंवा दुसऱ्याला दुखावल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नसेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे जावे. ते सर्वप्रथम ऐकण्यातला दोष, अपुरी झोप, भाषेतील अडचण, अध्ययन अक्षमता, लक्षन्यूनता (लक्ष न टिकण्याचा विकार, एडीएचडी), नैराश्य आणि घरात किंवा बाहेर होणारा छळ यांची चाचपणी करतात, कारण यांपैकी बऱ्याच गोष्टींवर थेट उपाय असतो आणि तो झाला की वर्तनही निवळू शकते. पहिल्या भेटीला शिक्षकांचे लेखी निरीक्षण आणि आधीच्या इयत्तांची प्रगतिपुस्तके सोबत न्यावीत. तक्रार पाचव्या वर्षी सुरू झाली की चौदाव्या, हे त्यांवरूनच नक्की होते, आणि पुढच्या उपचाराची दिशा बरीचशी त्यावर अवलंबून असते.